आरसेमहालातला शॉट

प्रिय उत्कर्ष,

तुझ्या फिल्मला बक्षीस मिळालं म्हणून आप्पांनी काल दुकानात पेढे वाटले. जात वेगळी म्हणून दोन वर्षं ज्यांनी घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही, ते आता गिऱ्हाइकापुढं मोबाइल धरतात आणि "आमची श्रीदेवी बघा" म्हणतात. आई साड्या काढून बसली आहे. घर इतकं खुशीत आहे की मला तोंड उघडायला जागा उरलेली नाही.

मीही फिल्म पुन्हा पाहिली. जत्रेतला आरसेमहाल. मी चालते, समोरून मीच येते. वळले की बाजूनं आणखी एक मी. बाहेर पडायची वाट तू मला आधी दाखवली होतीस. त्या ठिकाणी पोचले तर तिथं आरसा. मला वाटलं, मीच चुकले. मागं फिरले आणि पुन्हा तिथंच आले. मग हातानं चाचपत राहिले. सगळीकडं गार काच. शेवटी तुला हाका मारल्या. तिथं तू माझा आवाज काढून टाकलास आणि संगीत घातलंस. पण ओठांकडं पाहिलं तर कळतं, तुझंच नाव आहे.

आरसेमहालवाला मल्लेश परवा बाजारात भेटला. हसत म्हणाला, "ताई, लई भ्यालाव व्हय? वाटंवर आरसा सरकवाया साहेबांनीच सांगितलं व्हतं."

मी तुला फोन केला. तू नाकारलं नाहीस. आधी सांगितलं असतं तर मी नुसता अभिनय केला असता, म्हणालास. माझ्या हाका ऐकू येत होत्या का, असं मी विचारलं. स्पष्ट, म्हणालास, म्हणून तर कॅमेरा चालू ठेवला. तुझ्या आवाजात कौतुक होतं. मग तू पुण्यातल्या फ्लॅटबद्दल बोलत राहिलास आणि मी "हं" म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी तुझे आईवडील सुपारी फोडायला येणार आहेत. त्यांना आणू नकोस. मी लग्न करणार नाही. आप्पा विचारतील, मग एवढी भांडलीस कशाला? फिल्ममध्ये घाबरले म्हणून, असं सांगितलं तर ते हसतील. आई रडेल. पुढं हे लोक माझं काय ठरवतील, तेही मला माहीत आहे. तरी सांगणार आहे. घरात अजून कुणाला बोलले नाही; पहिलं तुला लिहितेय. तू मला आधी सांगितलं नव्हतंस.

आजवर तुझीच,
श्रीदेवी