काळी टेप लावलेला कॅमेरा

१० नोव्हेंबर

पनवेलला सुखरूप पोचले. मी परदेशी नाही, पनवेलला चाललेय, हे आईला समजावून थकले, तरी तिने आठवडाभराचे धपाटे बांधून दिलेच. खोली मोहल्ल्यात मिळालीय, फहमिदाखालांच्या माडीवर. त्यांचे मिस्टर मस्कतला असतात. घरात खाला आणि त्यांची लेक नशरा. डिसेंबरात नशराचं लग्न आहे, त्यामुळे पोरगी जमिनीवर नाही. अर्ध्या तासात तिने माझ्या सगळ्या ओढण्या बघून त्यांतली एक स्वतःसाठी पसंतही केली. मी बॅग उचलायला गेले तर खाला म्हणाल्या, "सामान जातंय कुठे बेटा, आधी सांदण खा." सांदण म्हणजे तांदळाचा वाफवलेला गोड केक. मी चार खाल्ले. इथे माझं बरं चालणार असं दिसतंय.

११ नोव्हेंबर

लग्नाच्या फोटोंचा ज्या स्टुडिओत मी एडिटर म्हणून लागलेय, तो टपाल नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर आहे. मालकांना लहानथोर सगळेच दाजी म्हणतात. घरची मिठागरं सरकारी प्रकल्पात गेली तेव्हा मिळालेल्या पैशांत भावांनी मोठमोठ्या गाड्या घेतल्या, दाजींनी कॅमेरे घेतले. भाऊ अजून हसतात म्हणे. फोटोग्राफर अदीब, इथलाच, मोहल्ल्यातला. त्याच्या एका खांद्यावर कॅनन, दुसऱ्यावर सोनी.

माझं काम त्या दोन कॅमेऱ्यांची भांडणं मिटवायचं. एकच नवरी, एकच मांडव, पण कॅननमध्ये तिचे गाल गुलाबी येतात आणि सोनीत तीच जरा हिरवट झाक घेऊन बसते. निकॉन हातात असता तर पिवळटपणाकडे गेली असती. निदान अदीबचं मत तरी असं आहे, आणि यावरून फोटोग्राफर लोक जावाजावांसारखे भांडतात. खरं सांगायचं तर घरोघरी मातीच्या चुली. एकाच बोंबलाचं कालवण तीन घरांत तीन रंगांचं होतं, तसंच हे. अल्बममध्ये मात्र सगळं एका हातचं वाटलं पाहिजे. माझा डोळा त्या बाबतीत तिखट आहे, हे मी नम्रपणा सोडून लिहिते.

तिसरा कॅमेरा दाजींचा. तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. कंपनीच्या नावावर काळी टेप. बरेच जण लावतात, पण ही टेप काढली तर खाली नाव खरवडलेलं आहे, असं अदीब म्हणाला. न्हावा शेवा बंदरातल्या बेवारस मालाच्या लिलावातून आलेला. दाजी कोपऱ्यात उभं राहून त्यावर माणसांचे फोटो काढतात आणि त्यांचा एकच नियम आहे: त्या कॅमेऱ्यातल्या प्रत्येक तोंडाचा रंग दुरुस्त करायचा, फोटो अल्बममध्ये जावो न जावो. म्हातारा हौशी दिसतो.

१४ नोव्हेंबर

आज जुना रेफरन्स बदलला. रेफरन्स म्हणजे हातात करडं कार्ड धरून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो. कार्डाच्या करडेपणावरून रंग नीट बसवायचे आणि मग त्या माणसाच्या कातडीचा रंग उचलून बाकीच्या चेहऱ्यांवर चढवायचा. इथे आधीच्या एडिटरचा, केतनचा, फोटो होता. त्याचं तोंड आणि हातातलं कार्ड यांत फरक दिसेना. असला रेफरन्स घेऊन हा गडी काम कसं करायचा, देव जाणे. मी कार्ड घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि अदीबला कॅननवर माझा फोटो काढायला लावला. सुरेख आला. आईला पाठवला. एरवी कुणी स्थळ विचारलं नसतं, आता विचारतील.

दाजी दारात उभे राहून बघत होते. केतन कुठे असतो विचारलं, तर गावी गेला म्हणाले. "पोरगा गुणी व्हता." एवढं बोलून खाली गेले.

१९ नोव्हेंबर

कळंबोलीच्या लग्नाचे फोटो आले. दाजींच्या कॅमेऱ्यात एक गंमत आहे, आणि ती मला आवडलेली नाही. कॅमेऱ्याचा रंग बिघडला तर अख्खा फोटो बिघडतो. इथे फेटे लाल, झेंडू केशरी, सगळी माणसं ठीक, आणि मधोमध उभा असलेला नवऱ्याचा मामा तेवढा राखेच्या रंगाचा. अदीबच्या दोन्ही कॅमेऱ्यांत तोच मामा टवटवीत. मी माझ्या रेफरन्सवरून रंग चढवला. मामा माणसात आले.

असाच राखाडी अजून एक जण होता, नवऱ्याचा मित्र उदयसिंह. कडेला अर्धाच आलेला. असला फोटो अल्बममध्ये कोण लावणार? तो तसाच सोडला.

२४ नोव्हेंबर

अदीबने सांगितलं, उदयसिंह गेला. पळस्पे फाट्यावर ट्रेलरखाली मोटरसायकल आली. त्याच दिवशी नवऱ्याच्या मामांना हृदयविकाराचा झटका आला होता, पण ते दवाखान्यातून चालत घरी आले. डॉक्टरही चकित झाले म्हणे.

दाजींनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून तो फोटो उघडायला लावला. अर्धा कापलेला राखाडी चेहरा. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सांगितला व्हता ना तुला, येक बी तोंड सोडू नको."

योगायोग असेल. पण जेवण गेलं नाही.

२७ नोव्हेंबर

उरणकडच्या एका गावात लग्न होतं. माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघावीत म्हणून मीही गेले. धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायला गुणाबाई नावाच्या धवलारीण होत्या. भटजींच्या आधी यांचा मान. वय झालेलं, पण आवाज अख्ख्या मांडवाला पुरेल असा. जेवताना त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, तुला कावील झालीय काय?" मग स्वतःच मान हलवली. "नाय. कावील पिवली असते. तू राखुंडीवानी दिसतेस."

दाजींच्या कॅमेऱ्यात आज दोघं राखाडी होते. दोघांनाही नीट केलं, सावकाश, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत. त्यांतली एक गरोदर होती.

२९ नोव्हेंबर

माझा रेफरन्स फिका पडलाय.

आधी मॉनिटरवर संशय घेतला. मॉनिटरचे रंग पुन्हा जुळवून घेतले, काही फरक नाही. आईला पाठवलेला फोटो फोनवर उघडला. तो जसाच्या तसा, गव्हाळ. कॉम्प्युटरवरची मी मात्र उन्हात राहिलेल्या कापडासारखी विटलेली. फाइलला कुणी हात लावलेला नाही. मी तिच्यातून फक्त रंग उचलते. उचलल्याने कमी होतो का कुठे?

संध्याकाळी नशराने मेंदीचा कोन आणला आणि तिच्या लग्नाची तालीम माझ्या आणि स्वतःच्याही हातावर केली. धुतल्यावर तिच्या हातावर लालभडक रंग, माझ्या हातावर शिसपेन्सिलीने काढल्यासारखी नक्षी. नशरा हसून म्हणाली, दीदी, तुला सासू खडूस मिळणार. खाला हसल्या नाहीत. माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि खजुराचं दूध करून आणलं.

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, बरं वाटलं नाही.

२ डिसेंबर

अदीबला खोदून विचारलं. केतन गावी गेला हे खरं, पण तिरडीवर. अंगातलं रक्तच कमी होत गेलं, कुठल्याच तपासणीत कारण सापडलं नाही. मरणाच्या आदल्या दिवशीही इथेच, याच खुर्चीत बसून काम करत होता.

दाजींसमोर उभी राहिले. त्यांनी काही लपवलं नाही, तेच जास्त वाईट. त्यांच्या लेकीच्या, मनस्वीच्या, हळदीत त्यांनी पहिल्यांदा तो कॅमेरा वापरला, आणि ती राखाडी आली. केतनच्याही आधी इथे असलेल्या एडिटरने कामाचा भाग म्हणून रंग नीट केला. दोन दिवसांनी मनस्वीच्या गाडीला अपघात झाला, गाडी भंगारात गेली, पोरीला खरचटलंसुद्धा नाही. आज कामोठ्याला नांदते, दोन मुलं आहेत. तेव्हापासून ते प्रत्येक लग्नात तो कॅमेरा नेतात. "दिसतंय त्ये झाकून कसा ठेवू? येक जातो, पर किती राहतात बघ ना."

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, मग या, खिडकीशी उभे राहा.

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. नातवंडं लहान हायत, म्हणाले. आणि रडले. मला त्यांच्या रडण्याची कीव आली नाही.

४ डिसेंबर

बॅग भरली. नोकरी गेली खड्ड्यात. खालांना सांगितलं, आई आजारी आहे. खालांचा चेहरा उतरला. दोन दिवसांवर हळद, तेवढी बघून जा म्हणाल्या. नशराने माझी ओढणी अंगावर घेऊन दाखवली. हीच घालणार म्हणे हळदीला.

दोन दिवस. बघू. एकालाही रंग द्यायचा नाही, मग काय होणार आहे मला.

६ डिसेंबर

दुपारी बायकांची हळद. आत पुरुषांना मज्जाव, म्हणून अदीब बाहेर अंगणात आणि फोटो मी काढायचे. त्याचा कॅनन घेतला. टेपवाला कॅमेराही गळ्यात होता. दाजींनी दिला नाही. मीच कपाटातून काढला. न बघता निघून जाणं मला जमलं नाही. जमायला हवं होतं.

कॅननमध्ये सगळं पिवळं धमक. नशरा हसतेय, माझ्या ओढणीवर हळदीचे हात.

दुसऱ्यात— ओढणी पिवळी. हात पिवळे. गालावरची हळदसुद्धा पिवळी. आणि हळदीच्या खाली ती—

कार्डासारखी.

७ डिसेंबर

सकाळी नशरा जिन्यात बसली. चक्कर आली म्हणे. उपासमार करतेस लग्नासाठी, असं खाला तिला रागावत होत्या.

रेफरन्स उघडला. माझ्यात फार थोडा रंग उरलाय. ओठांपाशी. एका माणसाला पुरेल, बहुतेक. मग माझ्यासाठी काही उरणार नाही.

रेफरन्सला दुसरा चेहराही चालतो. कुणाचाही. आजच हे डोक्यात आलं आणि दिवसभर जात नाही. मी खालांना म्हटलं, रंगासाठी तुमचा एक फोटो हवा, हे कार्ड धरा. त्यांनी पदराने तोंड पुसलं, खिडकीशी उभ्या राहिल्या. मी कॅनन डोळ्याला लावून विचारलं, लेकीसाठी काय कराल. सहजच विचारल्यासारखं. त्या म्हणाल्या, "जान हाजिर आहे बेटा, हे काय विचारणं झालं?"

मी बटण दाबलं.

फोटो सुंदर आलाय. भरपूर रंग आहे त्यात.

८ डिसेंबर

निकाहचा दिवस. नशरा उठत नाहीये. डॉक्टर येऊन गेले. खाला तिच्या उशाशी, मेंदीचे हात धरून. मी धावत स्टुडिओत आले.

तीन फोटो समोर. नशरा. खाला. मी.

खालांचा उघडला. रंग उचलला. चढवायचा तेवढा बाकी—

मी मागितलं असतं तर त्यांनी दिलंच असतं. पण मी मागितलं कुठे. चोरी केली. उद्या नशरा उठेल आणि आईला हाक मारेल—

नाही.

खालांचा फोटो पुसून टाकला. कचऱ्यातूनही.

दुपार

माझा लावला. सावकाश. कपाळ, गाल, हनुवटी. नशराचे ओठ लाल होतायत. इतका छान रंग मी आजवर कुणालाच—

हात गार पडलेत. नखं करडी. वहीचं पान आणि माझी बोटं, नीट वेगळी दिसत ना—

अदीबचा फोन. नशरा उठून बसली. चहा मागितला. खाला रडतायत, हसतायत. माझी चौकशी करतायत, वल्लरी कुठे आहे.

मला खूप घाबरायला होतंय. आई हवी आहे.

किती दिवस गेले, कळत नाही. जिन्यात पावलं. दाजी. बरोबर कुणीतरी मुलगी. त्यांचा आवाज ऐकू येतोय— आधीची पोरगी गुणी व्हती, गावी गेली—

मी इथेच आहे. खुर्चीत. दाजी, मी अजून इथेच—

ती हसतेय. विचारतेय, रेफरन्सचा फोटो इतका फिका कसा. म्हणतेय, मी माझा नवीन काढते—

ऐक. मला आवाज फुटत नाहीये, म्हणून लिहितेय. टेबलावरचं ते कार्ड हातात घेऊ न