कड्यावरची काच

बनशंकरी, बंगलोर
१२ जानेवारी १९९६

तीर्थरूप नानांना सुखदाचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. घरमालकीण हेमावतीअक्का रोज आग्रहाने जेवू घालतात, हे आईला सांगा.

आमच्या खाणीच्या कड्यावर भेग पडली आहे. तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली होती, तशीच काचेची पट्टी मी भेगेवर आडवी चिकटवली. भेग रुंदावली की काच तडकते, हे तुम्ही मला लहानपणीच शिकवलंत. आमचे व्यवस्थापक किरणकुमार परदेशात शिकून आले, तरी त्यांना ते ठाऊक नाही. काच तडकली, तर त्यांनी नवी लावून घेतली! तीही तडकली, तेव्हा म्हणाले, "काच हलकी आहे, जाड मागवा."

कड्याच्या थेट खाली मजुरांची जेवायची शेड आहे. ती हलवा म्हटलं, तर हसले. "स्वल्प ॲडजस्ट माडी, अम्मा," म्हणजे जरा सांभाळून घ्या. "डोंगर तुमच्यासारखा घाबरट नसतो." अशा माणसाला मी वर्षभर 'सर' म्हणते आहे, याची लाज वाटते.

उद्या सरकारी निरीक्षक येणार, म्हणून जाड काच पुसून चकचकीत केली आहे. तडकलेल्या दोन्ही पट्ट्या मी रुमालात बांधून ठेवल्यात. त्या निरीक्षकांपुढे ठेवीन.

नोकरी गेली तर घरी येईन. आईला तूर्त रजा मिळाली म्हणा.

स्वयंपाकघरातली काच शाबूत आहे ना? तडकली असेल, तर आधी आईची चूल बाहेर हलवा. काच मग बदलू.

तुमची,
सुखदा