कुंपणापल्याडचं वावर

सोमवार, ९ डिसेंबर २०२४
ता. जि. जालना

तीर्थरूप वंदनाताईंना भावजयीचा नमस्कार.

इकडं सारे बरे आहेत. भोकरदनला थंडी वाढली असंल. आपली कापसाची पऱ्हाटी निम्मी वेचून झाली. तुमच्या आई दोन घास जास्तच जेवून राह्यल्या. घरातच असतात.

फोनच करणार होते, पण माझं बोलणं त्यांना ऐकू जातं. म्हणून लिहिते.

वावरातून गेलेला मोठा रस्ता आता चालू झाला. दोन्हीकडून जाळीचं कुंपण. निम्मं वावर पल्याड राह्यलं, अन् खालून जायचा बोगदा पार ओढ्याकडं. तुमच्या भावानं रस्त्याच्या साहेबांना विचारलं, "आमच्या पांदणीपाशी एक बोगदा का न्हाई?" साहेब गोड बोलले. "साऱ्या रस्त्याला एकच नियम, दादा. बोगदा किती अंतरावर, ते वरून ठरतं. एका पांदणीसाठी बदलता येत न्हाई." मंग लोकांनी जाळी कापली. तुमचे भाऊही तिथूनच जातात. ते येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

ताई, आईंना विसर पडतो हे तुम्ही जाणता. त्यांच्या मनात वावराकडं जायची ती पांदण अजून तशीच आहे. गुरुवारी दुपारी मी धुणं वाळत घालत होते. त्या म्हणाल्या, "ह्यांची भाकर देऊन येते." मामंजी जाऊन किती वर्षं झाली! मला वाटलं, दारापर्यंत जातील, परततील. धुणं संपलं तरी परतल्या न्हाईत, तशी मी वावराकडं धावले.

मी कापलेल्या जाळीशी पोचले तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर उभ्या. हातात भाकरीचं फडकं. दोन्हीकडून गाड्या अशा सुटलेल्या की पदर अंगावर ठरत नव्हता. मला बघून हसल्या.

"ये की गं, उभी का राह्यलीस?"

"आई, खाली बसा! हलू नका!"

"भ्यालीस का? थांब, मीच येते तुला न्यायला."

अन् एक पाय खाली टाकला. मी डोळे मिटले, ताई. पुढं जायला माझे पाय उचललेच न्हाईत. कर्कश हॉर्न वाजला. डोळे उघडले तर एक ट्रक आडवा होऊन थांबलेला, अन् ड्रायव्हरनं त्यांना दंडाला धरलेलं. खरचटलंसुद्धा न्हाई.

काल त्यांना हाताला धरून बोगद्यातून नेलं. डोक्यावरून गाड्या गडगडल्या तशा त्या खालीच बसल्या. "हे आपलं वावर न्हाई," म्हणून रडल्या.

घरातच असतात, असं वर लिहिलं. आता खरं लिहिते. वेचणीला जाताना मी बाहेरून कडी लावते. त्या आतून दार वाजवतात. "शिवकन्या, मी काय केलं गं?" विचारतात. मी वावराची वाट धरते.

रागवा माझ्यावर, पण या. मी वावरात असले तर कडी तुम्हीच काढा. फक्त दार उघडताच आधी त्यांचा हात धरा. मंग गळ्यात पडा.

तुमची
शिवकन्या