सारजाबाईंचा एकच इंग्रजी शब्द

वडगाव निंबाळकर,
जून १९९६

ती. कौसल्याक्का,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? (तेल चोळतेस, की बाटली नुसती फळीवर?) दाजींनाही नमस्कार सांग.

अक्का, आमच्या वस्तीला नळ आला! आमच्या नव्या सरपंच सारजाबाई चार-पाच महिन्यांपूर्वी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, मंगळवारी पाण्याचं सायब येत्यात. तेवढ्यात विंग्रजी शिकवा." मी म्हटलं, एवढ्यात एकच शब्द होईल, 'बिकॉज'. अर्थ 'कारण की'. 'कॉज' लॅटिनमधून फ्रेंचात, तिथून इंग्रजीत आला, पुढे 'बाय' जोडला गेला, हेही सांगितलं. (अर्धवट शिकवणं मला जमत नाही.) त्या म्हणाल्या, "लई मुलूख फिरून आलाय की! मग सायबाच्या वळखीचा आसंल."

कारण सांगताना वापरा, असं मी बजावलं होतं. बाईंनी तो साहेबांपुढेच ठेवला. साहेब म्हणाले, यंदा नळ नाही. "बिकॉज?" पाइप नाहीत. "बिकॉज?" वरून आले नाहीत. "बिकॉज?" (इथे साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. ते लांबच्या विहिरीवरून यायला बराच वेळ लागला.) शेवटी म्हणाले, मागवलेच नाहीत. "मग मागवा की!"

आता गावभर तेच. कंडक्टर गाडी थांबवत नाही, बिकॉज? डेअरीवाला दूध परत करतो, बिकॉज? मी तर खूश होते.

परवा आमच्या सूनबाईंना, रोहिणीला, तुमच्या इंदापुरातल्या शाळेत नोकरीची ऑर्डर आली. मी म्हटलं, जायचं नाही. सूनबाईंनी ताटात भाकरी वाढली आणि शांतपणे विचारलं, "बिकॉज?" मी म्हटलं, लांब पडतं. "मग तिथंच राहते. आणखी?" (आमचा लेक रविराज मान खाली घालून भाकरी कुस्करत होता. त्याचा काही उपयोग नाही.) मी बी.ए. होऊन या घरात आले तेव्हा मामंजी नोकरीला 'नाही' म्हणाले आणि मी गप्प बसले. अक्का, हा शब्द मला तेव्हाही येत होता.

असो. नळाची बातमी कळवावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझी,
प्रयाग

ता. क. सोमवारच्या एसटीने रोहिणी येते आहे. पुढची खोली रिकामी करून ठेव. तिला चहा कमी गोड लागतो.

ता. ता. क. आधी अडवलीस का, असं तू विचारशीलच. या घरात माझं चुकलं तर तोंडावर सांगणारी ती एकटीच आहे. हे तिला कळता कामा नये. आणि का, ते विचारायचं नाही.