कुटाराचा ढग, समोरून आणि बाजूने

सुलतानपूर

चि. समीक्षा हिस,

तुझ्या एकुलत्या एक आत्याचा, म्हणजे या रुखमाबाईचा, भरभरून आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल, सूर्याचीही असेल. (त्याची तू रोज पाहतेस, माझी सणासुदीला.) फोनवर बोलायला लागलं की तुला मीटिंग लागते, म्हणून पत्र. हे मध्येच कट होत नाही.

आमचा शेजारी कडूबा विचारत होता, भाची काय करते. म्हटलं, सूर्यावरून उसळणारे लोळ पाहते. तर म्हणतो, "त्याचा पगार भेटते?" मला आला राग. तू समजावलेलं सगळं त्याला ऐकवलं: लोळ नेमका पाहणाऱ्या यानाच्या दिशेनं निघाला, तर त्याला तो सूर्याभोवती नुसता गोल फुगताना दिसतो, त्याचा खरा आकार आणि वेग कळायला दुसरं यान बाजूला लागतं. त्याला पटेना. मग आमच्या सोयाबीनला थ्रेशर लागलं, त्या दिवशी प्रयोगच केला. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, जिथून उडतं त्याच्या बरोबर समोर, जरा लांब, मी खाट टाकून बसले (मी मुख्य यान), आणि कडूबाला मोबाईल घेऊन बाजूच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं केलं. कुटार उडालं. मला गोल ढग दिसला, तो गोलच फुगत गेला. मी ऐटीत फोनवर सांगितलं, जागचा हलत नाही, नुसता सुटत चाललाय. तिकडून कडूबा म्हणाला, "काकू, इकून तं लांबच लांब दिसून राह्यला. तुमच्याच अंगावर येऊन राह्यला. उठा." पण मुख्य यानाचे गुडघे धरलेले. उठेपर्यंत नाकातोंडात, पदरात, चहात, सगळीकडे कुटार. तुझं शास्त्र मात्र खरं ठरलं.

हसून हसून पोट दुखलं. घरापर्यंत हसतच आले, कुलूप काढलं आणि हसू थांबलं. माझे हे असते तर केसांतलं कुटार काढता काढता त्यांनी मला आठवडाभर चिडवलं असतं. एवढी मजा झाली आणि घरात सांगायला कोणी नाही, याचं फार वाईट वाटलं. मग एकटीनंच केस विंचरले. मागच्या बाजूला हात पोचत नाही, तिथं अजून थोडं असेल.

तुझी,
आत्या

ता. क. व्हिडिओ कॉलवर तू विचारतेस, "आत्या, बरी आहेस ना?" मी फोन तोंडासमोर धरून हो म्हणते. तुला गोल चेहरा दिसतो, तू निश्चिंत होतेस. एकदा ये, ओट्यावर शेजारी बस आणि मला बाजूने पाहा. जालन्यापर्यंत घ्यायला मी येईन.

दुसरा ता. क. सुट्टी मिळत नसेल तर वरचं वाचलंच नाहीस असं समज. पुढच्या कॉलला मी नेहमीसारखी समोरून बरी दिसेन.