रिकामा असला की उसळतो

३ सप्टेंबर, मंगळवार. पहाटे ५.४०
आजपासून रोज लिहायचं. शाळा दहावीत सुटली, पण व्यवस्थितपणा सुटलेला नाही. शंका आली की शब्दकोश बघतो. ‘सस्पेन्शन’ दोनदा बघितला.

ट्रक घेऊन अकरा दिवस झाले. एक टनी, डिझेल, मागे चार चाकं. वीस हजार पौंडांचा ट्रेलर हसत ओढतो. काल रोवेना हॅथकॉक पेंडीच्या दुकानात आली. मी तिथे पोती चढवतो. तिला एकवीस तारखेला घोडी जत्रेत न्यायची आहे, पिंपांभोवतीच्या शर्यतीसाठी. नव्वद मैल. घोडीचा ट्रेलर तिच्याकडे आहे, ओढायला गाडी नाही. म्हणाली, ऑरिन, तू नेशील का? मी आणि ओपल मावशी तुझ्याच गाडीत बसू. फक्त मावशीच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, तिला धक्के चालत नाहीत. गाडी मऊ आहे ना तुझी?

मी म्हणालो, लोणी आहे.

नव्वद मैल रोवेना शेजारी. एवढ्या वेळात माणूस विचारायचं ते विचारू शकतो. मी विचारणार आहे. वाक्य लिहून ठेवलंय, एकही चूक नाही.

काल संध्याकाळी पहिल्यांदाच लक्ष देऊन ट्रक चालवला. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी जाळी टाकतात, तिच्यावरून गेलो. डोकं छताला लागलं. दोनदा. एक जाळी, दोन वेळा कसं, ते कळलं नाही.

४ सप्टेंबर, बुधवार
शास्त्रशुद्ध चाचणी. शेजारच्या सीटवर, म्हणजे रोवेनाच्या सीटवर, एक डझन अंडी ठेवली. दोन मैल, ताशी पस्तीस. फुटली नऊ.
तीन वाचली. सुरुवात वाईट नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार
दुकानाच्या मालकांना, मिस्टर हल्सींना, विचारलं. ते ट्रकला टेकून म्हणाले, हा काय माणसं बसवायला केलाय का पोरा? ओझं ओढायला केलाय. मागचे स्प्रिंगचे पाटे बघ, एकेक माझ्या मनगटाएवढा. रिकामा असला की उसळणारच.

काही लोकांची वृत्तीच नकारात्मक असते.

मागच्या चाकांत ऐंशी पौंड हवा होती. पन्नासवर आणली. सकाळी, चाकं गार असताना, प्रत्येक चाक दोनदा मोजून. अंडी फुटली सहा. उत्साहात तीसवर आणली. ट्रक बदकासारखा चालायला लागला आणि रबराचा वास आला. मिस्टर हल्सी म्हणाले, आता काय चाक रस्त्यातच सोडून येणार का? पुन्हा पन्नास.

८ सप्टेंबर, रविवार
मागच्या हौद्यात वाळूची दहा पोती टाकली. अंडी फुटली चार. प्रगती स्पष्ट आहे. आठवडाभर ऑम्लेट खातोय. आई म्हणाली, मुलीला विचारायचंय तर विचार की, कोंबड्यांचा जीव का घेतोस? आईला यंत्रातलं कळत नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार
शोध लागला. घाई आहे, तरी अक्षर नीट ठेवतो.

दुकानातून गवताचे आठ गोल गठ्ठे पोचवायचे होते. एकेक बाराशे पौंडांचा. लांब ट्रेलरवर लादले, ट्रकला जोडले, निघालो. जाळी आली. काही झालं नाही. थांबलो, उतरलो, मागे चालत जाऊन बघितलं. जाळी जागेवरच होती. अंडी फुटली शून्य.

म्हणजे ओझं असलं की हा ट्रक पाळण्यासारखा चालतो. (मिस्टर हल्सी असंच काहीतरी म्हणाले होते, पण त्यांची मांडणी चुकीची होती.) निष्कर्ष: ट्रेलर सोडायचाच नाही. कधीच.

११ सप्टेंबर, बुधवार
आज पोचवायच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर जोडूनच बर्गर आणायला गेलो. गाडीत बसूनच बर्गर घ्यायच्या खिडकीपर्यंत छान पोचलो. पुढे वळण होतं. मागे यायला चाळीस मिनिटं लागली. मागच्या रांगेतले सगळे खाली उतरून मदत करत होते. खूप जणांनी हातवारे केले, काही मार्ग दाखवण्यासाठी. खिडकीतली बाई म्हणाली, बेटा, पुढच्या वेळी फोन कर, मी बाहेर आणून देते. गावात माणुसकी आहे.

बर्गर गार झाला होता. पण परतीचा प्रवास काय सांगू.

१२ सप्टेंबर, गुरुवार
रोवेना भेटली. ओपल मावशीला आधी परीक्षा हवी आहे. शनिवारी चर्चमध्ये जेवण आहे, गावच्या आगीच्या बंबाला नवा पंप घ्यायचा म्हणून. चौदा मैल. मावशी बसून आली-गेली की एकवीस तारीख पक्की. नाहीतर, रोवेना म्हणाली, ड्वेन विचारत होता.

ड्वेन पोस्टात आहे. त्याच्याकडे त्याच्या आजीची जुनी लांबलचक गाडी आहे. तिला साधी सायकलसुद्धा ओढता येणार नाही. रोवेना म्हणाली, पण त्या गाडीत बसलं ना, की बसल्याचं कळतच नाही.
मी म्हणालो, हा तर दोष झाला.

१४ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ३
सगळं तयार. मिस्टर हल्सींच्या आवारातले आठ गठ्ठे चढवले. उद्या ते यायच्या आत परत जागेवर. विचारलं नाही. त्यांना उगाच कशाला त्रास.
नखं कापली. हवा मोजली.

१५ सप्टेंबर, रविवार
आधी यश नोंदवतो. जाताना मावशी तिसऱ्या मैलाला झोपली आणि घोरली. रोवेना म्हणाली, ऑरिन, मला तर आपण निघालोच नाही असं वाटतंय. मग तिने विचारलं, एवढं गवत कशाला घेतलंस? मी म्हणालो, तुझ्यासाठी. ती इतकी हसली की खिडकीकडे तोंड करून बसली. वाक्य तेव्हाच म्हणणार होतो, पण परीक्षेच्या दिवशी घाई नको.

चर्चच्या आवारात आम्हाला नऊ गाड्यांची जागा लागली. आत बीन्स, तळलेला मासा, मग ‘पाय’, म्हणजे फळं भरून भाजलेली गोड पोळी. जेवणानंतर बायकांनी केलेल्या पायचा लिलाव असतो, सगळे पैसे पंपाला. आणि आमच्याकडे रीत अशी की जेवणाच्या दिवशी आवारात जे लादून आणलं, ते लिलावाला दिलं. कोणी मधाच्या बाटल्या आणतो, कोणी कोकरू. हे मी लहानपणापासून बघतोय. कालच्या घाईत ते लक्षात आलं नाही, इतकंच.

शेवटचा पाय विकला गेला आणि पाद्री उभे राहिले. म्हणाले, बंधूंनो, अशा कोरड्या वर्षात, जेव्हा काडी मिळत नाही, तेव्हा एका माणसाने न सांगता-सवरता आठ गठ्ठे पाठवलेत. गठ्ठ्यांवर दुकानाची चिठ्ठी आहे म्हणून कळलं. ब्रदर हल्सी, जरा उभे राहा.

सगळं चर्च टाळ्या वाजवत होतं. मिस्टर हल्सींनी टोपी काढली, खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मीही टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच न वाजवणं बरं दिसलं नसतं.

चार मिनिटांत गठ्ठे गेले. माझा पायचा तुकडा खाऊन संपायच्या आत ट्रॅक्टर लावून उतरवूनही झाले.

परत येताना ट्रक रिकामा, ट्रेलरही रिकामा. आता शास्त्रशुद्ध सांगतो: रिकामा ट्रेलर रिकाम्या ट्रकला आधी मागून ढकलतो, मग ओढतो, मग दोघं मिळून उसळतात. पहिल्या मैलात मावशी म्हणाली, अरे देवा. दुसऱ्या मैलात म्हणाली, अरे मेल्या. तिसऱ्यात नुसतं माझं मनगट धरलं. मला वाटलं, आशीर्वाद देतेय. थांबव म्हणत होती.

मागून ड्वेन आला. त्याने दार उघडून धरलं. मावशी वाकलेल्या अवस्थेतच त्या गाडीत शिरली. रोवेना म्हणाली, तिला धरायला कोणीतरी हवं रे. तेही बरोबरच होतं.
निकाल अजून लागलेला नाही, असं मी समजतो.

१६ सप्टेंबर, सोमवार
मिस्टर हल्सी म्हणाले, शनिवारी अख्खं गाव माझा हात हातात घेऊन गेलं. बायको रडली, म्हणे इतक्या वर्षांनी नवरा कळला. आता हे गवत मी कोणाकडून परत मागू, ऑरिन? मी म्हणालो, चांगलं काम होऊन गेलं. त्यांनी कोपऱ्यातलं फावडं माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, धान्याच्या कोठीखालचा खड्डा महिनाभर तू साफ करायचा.
भारावलेली माणसं अशीच कमी बोलतात.

१८ सप्टेंबर, बुधवार
रोवेनाचा फोन. मावशी पडून आहे, पण शनिवारी येणारच म्हणते. ड्वेनच्या गाडीतून. रोवेनाही तिच्याबरोबर. मग ती म्हणाली, पण घोडीला तर तूच नेशील ना? तुझ्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवू?
सीटचा प्रश्न किरकोळ आहे. मुख्य जबाबदारी माझ्याकडेच आली.

२२ सप्टेंबर, रविवार
कालचा दिवस पूर्ण लिहितो.

घोडी ट्रेलरमध्ये, वर हौद्यात पेंडीची वीस पोती (या वेळी विचारून). ट्रक असा चालला की मी स्वतःच दोनदा मागे वळून ट्रेलर आहे ना बघितलं. नव्वदच्या नव्वद मैल माझ्या पुढे ड्वेनची गाडी होती. शेजारची सीट रिकामी होती, ती जराही हलली नाही. माझं वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं, आवाज कुठेही कापला नाही. असा आराम या ट्रकमध्ये याआधी कोणालाच मिळालेला नसेल.

पोचल्यावर रोवेनाने ट्रेलरचं दार उघडलं. घोडीचं अंग कोरडं, कान उभे. रोवेनाने तिचा मुका घेतला आणि मला म्हणाली, ऑरिन, ही इतकी शांत कधीच उतरली नाही. घोडी तिसरी आली.

बक्षिसानंतर रोवेना सांगायला आली. ड्वेनने वाटेतच विचारलं. मागे मावशी झोपली होती आणि गाडी इतकी शांत होती, की त्याला एकदाच विचारावं लागलं. ती हो म्हणाली. नोव्हेंबरमध्ये लग्न.

मी अभिनंदन केलं. मग ती जरा अडखळत म्हणाली, लग्नानंतर घोडी ड्वेनच्या शेतावर न्यावी लागेल, बावीस मैल, तुलाच ने म्हणायला बरं वाटत नाही.
मी विचारलं, रस्ता कसा आहे.
म्हणाली, कच्चा. नुसते खड्डे.
तेव्हा मला जरा बरं वाटलं. माझ्याशिवाय कोण नेणार.