तांबूस सावली

९ फेब्रुवारी

प्रिय दादास,

नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल असं धरून चालते. वहिनीच्या गुडघ्याला नवं तेल मानवलं का? मी ठणठणीत आहे. आवाजही पूर्वीसारखाच आहे, शेजारी साक्षीला आहेत.

गेले वीस दिवस मी वीटभट्टीमागच्या मोठ्या झाडासमोर बसते आहे. रोज अकरा ते एक. तू म्हणायचास, आधी झाडाकडे बघायला शीक, मग ब्रश उचल. तेव्हा मी ऐकलं नाही. आता पहिले चार दिवस नुसती बसून राहिले. दादा, झाड म्हणजे पानं नव्हेत, पानांमधून दिसणारे आकाशाचे तुकडे म्हणजे झाड! हे कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. व्याख्यानानं भरलेली सभा जिंकूनही मला इतकं सुख कधी मिळालं नव्हतं.

तिथं विटा थापणारी एक म्हातारी आहे. काल हात पुसत आली आणि माझं चित्र बघून म्हणाली, "बाई, झाडाखाली शाई सांडली की काय?"

झालं! मी तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. ऊन उबदार, म्हणून सावली थंड, म्हणून निळी. सगळं ऐकून ती म्हणाली,

"असेल बाई. पण इथली भुई तांबडी. ऊन तिच्यावर आपटून वर उडतंय. तुमच्या त्या निळ्या सावलीत माझी शेळीसुद्धा बसायची नाही."

मी वाकून पाहिलं. सावली तांबूस होती.

आता जे अकरा वर्षं टाळलं ते लिहिते. तुझ्या शेवटच्या चित्रातली सावलीही तांबूस होती. तू आठ दिवस परगावी गेलास आणि मी ती निळी केली. तुझी चूक सुधारली, असं मला मनापासून वाटलं होतं. तू आलास, बघितलंस, "छान झालंय" म्हणालास, ब्रश धुतलेस आणि डब्यात ठेवलेस. मग दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी ठोकायला लागलास. मी मात्र व्यासपीठावरून सांगत सुटले की माझ्या भावाला कंटाळ्यानं हरवलं. दादा, तो कंटाळा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

ते चित्र माझ्या वर्गात टांगलेलं असतं. सावली कशी असावी, हे मी त्यावरूनच शिकवते. आज मुलांसमोर ते खाली उतरवलं, खरं काय ते सांगितलं आणि टर्पेंटाइन लावून पातळ पात्यानं नखाएवढा निळा रंग खरवडला. मी निळा चढवला तेव्हा तुझा थर पुरता वाळलेला होता म्हणून वाचला. आतून तांबूस ऊन वर आलं. मग मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग परीक्षेत सावली कुठल्या रंगाची काढायची?" मी म्हटलं, "दिसेल त्या." असं उत्तर मी जन्मात पहिल्यांदा दिलं आणि फार हलकं वाटलं.

पुढे खरवडलेलं नाही. तुझ्या चित्राला तुला न विचारता एकदा हात लावला, तेवढा पुरे. पातं टेबलावर ठेवलं आहे. तू येऊन निळं काढ, नाहीतर तसंच राहू दे. मी शेजारी बसेन आणि तोंड उघडणार नाही.

चित्रावर सही तुझी आहे. निळा रंग मात्र माझा, त्याची करायची राहिलेली सही इथे करते.

तुझी चुकलेली,
धाकटी